जठरांतील जंतु व त्यावरील औषधयोजना

उपाशी पोटीं कळ येणें, छातीखालीं जळजळणें, आणि पुढें जठरांत व्रण पडून रक्त जाणें, या दुखण्याचें खापर पुष्कळ वर्षें तिखट जेवणावर व काळजीवर फोडलें जात असे. ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल या डॉक्टरांनीं १९८२ सालीं या व्रणांमागील जंतु हुडकून काढला. लोकांची खात्री पटेना, तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं त्या जंतूंचा द्रव स्वतःच प्राशन केला आणि थोड्याच दिवसांत जठराचा दाह ओढवून घेतला! २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा हा जंतु जठराच्या चिकट अस्तरांत दडतो व भोंवतीं अमोनिया निर्माण करून आम्लापासून बचाव करतो. म्हणून एकट्यादुकट्या औषधाचें त्यापुढें चालत नाहीं.

उपचाराच्या मुख्य पद्धति दोन. पहिलींत ओमेप्राझोलसारखें आम्लरोधक औषध आणि क्लॅरिथ्रोमायसिन व अमॉक्सिसिलिन हीं दोन प्रतिजैविकें असतात. ती घेण्यास सोपी. परंतु क्लॅरिथ्रोमायसिनला सरावलेल्या जंतूपुढें ती वारंवार हरते. दुसरींत आम्लरोधकाबरोबर बिस्मथ, टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडाझोल देतात. गोळ्या पुष्कळ, तोंडास कडवट चव, मळमळ, बिस्मथमुळें मळ काळा, असा हा चौदा दिवसांचा जाच आहे. तरीहि क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा जंतु तिला बहुधा शरण जातो. पेनिसिलिन न सोसणाऱ्यांसहि ती चालते. गर्भवतीस व लहान मुलांस मात्र टेट्रासायक्लिन सहसा देत नाहींत. जंतु कोणत्या औषधास वश आहे हें ठाऊक नसल्यास प्रथम हीच पद्धति योजावी, असें अमेरिकन तज्ज्ञांनीं २०२४ सालीं सुचविलें.

यास्तव शेजाऱ्यास गुण आलेली चिठ्ठी आपणांसहि लागू पडेल असें नाहीं. पूर्वीं खोकल्यातापासाठीं कोणतीं प्रतिजैविकें घेतलीं, हें रोग्यानें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. त्यावरच पुष्कळदां निवड ठरते.

खरा धोका पांचव्यासहाव्या दिवशीं असतो. दुखणें थांबतें, गोळ्या फडताळांत जातात, आणि उरलेले जंतु अधिक चिवट होऊन बळावतात. याच जंतूस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९४ सालीं कर्करोगास कारण ठरविलें आहे. म्हणून औषध पुरें घ्यावें, व तें संपल्यावर निदान चार आठवड्यांनीं श्वासाची किंवा मळाची तपासणी करवावी. कळ थांबली म्हणजे जंतु गेला असें नव्हे. तो गेल्याची ग्वाही तपासणीनेंच मिळते.