दुखणे अंगावर काढू नका

(काशीगाव, मीरा-भाईंदर येथे शिक्षक, आरोग्यसेविका व ठाणे जिल्ह्यातील पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे आपल्याकडे मानले जाते. या संकोचापायीच अनेक भगिनी स्तनाचे दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. मी डॉक्टर नव्हे, माहिती खात्याचा सेवक आहे. उपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे आपणा सर्वांस ठाऊक असले पाहिजे.

स्तनाच्या कर्करोगात काही वेळा संपूर्ण स्तन काढावा लागतो. त्यानंतर छातीत सिलिकॉनची पिशवी बसवून स्तनाचा आकार पुन्हा घडविता येतो. या पिशवीस इम्प्लांट म्हणतात. अशी पहिली पिशवी अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६२ साली बसविण्यात आली. काही स्त्रिया कर्करोग नसतानाही स्वेच्छेने ही शस्त्रक्रिया करून घेतात. कारण कोणतेही असो, दुखू लागल्यावर त्या स्त्रीला दोष देण्याचे प्रयोजन नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे दुखणे व ताण जाणवणे स्वाभाविक आहे. मात्र ते दिवसेंदिवस ओसरले पाहिजे. ते वाढू लागल्यास तपासणीच्या पुढील तारखेची वाट पाहू नये. ताप येणे, त्वचा लाल व गरम होणे, जखमेतून पू किंवा पाणी येणे, एक बाजू एकाएकी सुजणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली, छातीत कळ आली किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. तेथे छातीतील पिशवीची माहिती अवश्य द्यावी. पण छातीतील प्रत्येक कळ त्या पिशवीचीच असे स्वतः ठरवून घरी बसू नये. ते हृदयाचे किंवा फुफ्फुसाचे दुखणेही असू शकते.

काही तक्रारी वर्षांनंतर उद्भवतात. पिशवीभोवती शरीर स्वतःचे एक आवरण तयार करते. ते आवळू लागले की स्तन कठीण होतो, आकार बदलतो व दुखतो. कधी पिशवी फाटते, आणि तेव्हा वेदना होतेच असे नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणीतच ते कळते. अनेक वर्षांनी एकाच बाजूस सूज आली किंवा काखेत गाठ लागली, तर अधिक दक्षता हवी. खरबरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांशी निगडित असा लसिकापेशींचा एक दुर्मिळ कर्करोग आहे. या कारणास्तव २०१९ साली एका प्रकारच्या पिशव्या जगभरातून परत मागविण्यात आल्या. सुजेतील पाणी सुईने काढून तपासल्यास या रोगाचे निदान होते. आणि तो वेळीच सापडला, तर पिशवी व भोवतीचे आवरण काढून बहुतेक रुग्ण बऱ्या होतात.

दुखऱ्या जागी तेल चोळणे, शेक देणे, उरलेल्या गोळ्या घेणे टाळावे. पिशवीची कंपनी, प्रकार, क्रमांक व शस्त्रक्रियेची तारीख असलेले कार्ड रेशनकार्डाइतकेच जपून ठेवावे. मॅमोग्राफी करण्यापूर्वी तंत्रज्ञास पिशवीची कल्पना द्यावी. ज्या भगिनींना पूर्वी कर्करोग झाला होता, त्यांनी नवी गाठ किंवा नवे दुखणे क्षुल्लक समजू नये.

वेळीच तपासणी झाल्याने काय साधते, याचा दाखला जवळच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील सुमारे निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत तशी घट दिसली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हा अभ्यास इम्प्लांटविषयी नव्हता. पण संकोच बाजूस सारून तपासणीस पुढे आलेल्या स्त्रियांचे प्राण वाचू शकतात, हे त्याने दाखविले.

काशीगावाहून परळ फार दूर नाही. मीरा रोडला गाडी पकडली की दादर गाठता येते. तरीही घरातील स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा आणि बुडणारी मजुरी यांपुढे तो प्रवास लांबणीवर पडत जातो. येथेच आपली जबाबदारी सुरू होते. मुख्याध्यापकांनी व कार्यालयप्रमुखांनी अशा तपासणीसाठी मागितलेली रजा कारण न विचारता द्यावी. पंचायत सदस्यांनी सोबतीला कोणी नसलेल्या भगिनीची सोबत ठरवून द्यावी. शासनाच्या कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्य केंद्रांत होते. तिची तारीख गावात कळवावी. आणि घरातील पुरुषांनी "होईल बरे" असे म्हणण्याऐवजी "कधी जायचे?" असे विचारावे.