घराण्याचा धंदा आणि साक्षीदार



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, चौकशीचे कागद वाचता वाचता. घराण्यांच्या उद्योगांचे संशोधन कसे करावे हे मी विद्वानांना सांगणे म्हणजे आगाऊपणाच. तो पदरी घेऊन बोलतो.

एकच उद्योग घ्यावयाचा आणि तो मुळापासून तपासावयाचा, या पद्धतीला केस स्टडी म्हणतात. तीवर रॉबर्ट यिन यांचे पुस्तक १९८४ साली निघाले. त्यांचा आग्रह असा की, मुलाखत, कागद आणि प्रत्यक्ष पाहणी ही एकमेकांवर घासून पाहावीत. आम्हांला हे नवे नाही. उलटतपासणीवाचून साक्ष कसली?

पण साक्षीला बोलवायचे कोणाला? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळावर कारखाना उभारला. त्या घराण्याची बाजू शंतनुरावांच्या आत्मचरित्रात वाचावयास मिळते. साच्यात रस ओतणाऱ्याची बाजू मात्र त्याच्या ओसरीवर बसून विचारावी लागते.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. विषय होता तीन भावांच्या एका फौंड्रीची वाटणी. वडील वारले आणि मग मने फाटली, असे तिन्ही भावांनी तिला सांगितले होते. मी तिला निवृत्त स्टोअरकीपरकडे नेले. त्याने जुनी डायरी काढली. वडील हयात असतानाच, दोन वर्षे आधीपासून, पिग आयर्न दोन निराळ्या नावांवर येत होते! कागदावर होण्याआधी वाटणी गोदामात झाली होती. आमचा ओव्हरटाइम थकू लागला तोही त्याच महिन्यापासून.

हार्वर्डमध्ये तागिऊरी आणि डेव्हिस यांनी अशा उद्योगाची तीन वर्तुळे काढली: कुटुंब, मालकी आणि धंदा. स्टोअरकीपर बसतो फक्त तिसऱ्यात, पण पहिल्या दोहोंत काय शिजते आहे त्याचा वास त्याला आधी येतो.

त्या डायरीने माझीही चूक उघडी पाडली. थकबाकीचा दोष मी धाकट्या भावावर ठेवला होता. बावीस दिवसांचा संप त्याच्या खात्यात केला. तिजोरी थोरल्याकडे होती. त्या संपात नऊ माणसे कामावरून गेली, ती परत घेतली गेली नाहीत. डायरी तेव्हाही स्टोअरमध्येच होती. मी विचारले नाही.

एका फौंड्रीवरून सगळ्या फौंड्र्यांचा निवाडा करता येत नाही, हे मान्य. पण पुढच्या फौंड्रीत पहिल्यांदा काय विचारावे, ते कळते. मी हल्ली मालाची चलने आधी मागतो.

तो स्टोअरकीपर आता नाही. डायरी सुनेने रद्दीत दिलेली नाही, एवढे गेल्या महिन्यात जाऊन पाहून आलो आहे.