त्या गाठी नव्हेत
(वसंत व्याख्यानमालेत एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय 'पीसीओएस आणि वंध्यत्व' असा छापला आहे. त्यातला दुसरा शब्द मी आज टाळणार आहे. मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे: पीसीओएसमध्ये, म्हणजे 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम'मध्ये, ज्यांना आपण गाठी म्हणतो, त्या गाठी नव्हेत. पाळीचं चक्र वगैरे तुम्ही शाळेत शिकलात, ते परत सांगत नाही. ज्यांच्या बाईंनी तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता, त्यांनी आज घरी जाऊन खरंच वाचावा. (हशा)

गेल्या पावसाळ्यात माय-लेकी दवाखान्यात आल्या. मुलगी एकोणीस वर्षांची, बीएस्सीला. आईनं पिशवीतून बँकेच्या पासबुकाचं प्लास्टिकचं पाकीट काढलं. पासबुकाच्या मागं चार घड्या घालून सोनोग्राफीचा रिपोर्ट दडवलेला होता. "बाई, पोरीच्या पोटात गाठी आहेत. दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणारेत. त्यांना सांगावं का?" मी मुलीला विचारलं, पाळी कधी सुरू झाली? तेराव्या वर्षी. आता किती दिवसांनी येते? "पन्नास. कधी साठ." तोवर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. आधी सोनोग्राफी झाली होती, मग रडारड.

मी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला बीजकोश काढून दाखवला. दर महिन्याला त्यात काही बीजपुटिका वाढायला लागतात. एखादी पुढं जाते, वीसेक मिलिमीटरची होते, फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये पुटिका २ ते ९ मिलिमीटरवरच, म्हणजे साबुदाण्यापासून वाटाण्यापर्यंतच्या आकारात, अडकून राहतात. सोनोग्राफीत दिसतात त्या याच. आपण ज्याला रोग म्हणून मोजतो, ते त्या मुलीचं बियाणं आहे.

पुढच्या रांगेत द्राक्षबागायतदार मंडळी बसली आहेत. पाळी हा शब्द आल्यापासून माना खाली आहेत. (हशा) दादा, तुम्हालाच विचारते. फळछाटणीनंतर घड जिरले, तर वेल वांझ म्हणता का? ('नाही, नाही.') मग काय करता? ('पाणी बघतो, खत बघतो, हवामान बघतो.') बघा! वेलीला तुम्ही एवढा न्याय देता, मग लेकीला का नाही?

इथलं हवामान म्हणजे इन्सुलिन. यातल्या पुष्कळ जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. हे जास्तीचं इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी हार्मोन्स वाढवायला लावतं. पुटिकांची वाढ अडते, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात.

नावाचा घोळ जुना आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी सात रुग्णांवर निबंध लिहिला. त्यांनी बीजकोशाचा पाचरीसारखा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. डोळ्यांना दिसले ते बीजकोश, म्हणून नावही बीजकोशावरून पडलं. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनंही हे नाव दिशाभूल करतं, बदला, असं सुचवलं. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीन खुणांपैकी दोन हव्यात: स्त्रीबीज वेळेवर न सुटणं, पुरुषी हार्मोन्स वाढणं आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. म्हणजे चित्र नसूनही हा विकार असू शकतो आणि नुसतं चित्र असलं म्हणून तो ठरत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात, की पहिल्या पाळीपासून आठ वर्षांच्या आत निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नका. माझ्या त्या मुलीला सहाच वर्षं झाली होती. तिची पाळी लांबत होती, त्याचा तपास हवाच होता. पण सुरुवात भलत्याच टोकाकडून झाली.

मागून एक ताई म्हणताहेत, "डॉक्टरच तर गाठी म्हणतात." खरं आहे, ताई. पण सगळ्या डॉक्टरांना एका माळेत ओवू नका. बाहेर पन्नास बायका ताटकळत असताना सोपा शब्द तोंडात येतो. तो शब्द मीही वर्षानुवर्षं वापरला, आणि त्यानं किती घरांची झोप उडाली असेल, याचं मला वाईट वाटतं. म्हणून तर आज इथं उभी आहे.

आता, 'माझी मुलगी तर काडी आहे, तिला कसं?' असं विचारणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. दोघंही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडची माणसं बाहेरून बारीक, आतून चरबीची, म्हणून इन्सुलिनचा घोळ काडीसारख्या मुलीतही होऊ शकतो. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. वजनाला पावणेतीन किलोच्या आतबाहेर, पण चरबी मात्र धरून ठेवलेली. म्हणजे ही गोष्ट आईच्या पोटातच सुरू होते. त्या आईला काय खायला मिळालं, तिनं डोक्यावरून किती हंडे वाहिले, घरात सगळ्यांच्या मागून ती जेवली का, इथपर्यंत ती जाते. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका भाकरीच्या टोपलीच्या तळाशी...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहाच मिनिटं? बरं. उपचारांवर यायचंच राहिलं, ते भरभर सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या १० ते १३ जणींना हा विकार असतो. त्यांतल्या बहुतेकींना मूल होतं. काहींना उशीर लागतो, काहींना मदत लागते. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गी लागते. स्त्रीबीज सुटण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोलच्या गोळीला आहे. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या क्लोमिफिनवर १९.१ टक्के जणींना मूल झालं, लेट्रोझोलवर २७.५ टक्के. आपल्याकडे २०११ मध्ये लेट्रोझोलच्या या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. गोळीनं भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे, शेवटी आयव्हीएफ आहे. पण पहिल्याच भेटीत कुणी शेवटची पायरी दाखवली, तर मधल्या पायऱ्या कुठं गेल्या, असं जरूर विचारा. आणि पाळी अनियमित आहे म्हणून दिवस जाणारच नाहीत, असंही धरून चालू नका.

'लग्न झालं की आपोआप बरं होतं' हे डोक्यातून काढा. लग्न हा उपचार नव्हे. तीन-तीन महिने पाळी आली नाही तर दाखवा, कारण गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं धोक्याचं. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासून घ्या. मूल होईल का हे शंभर जण विचारतात, साखर कुणीच विचारत नाही, आणि मधुमेहाचा धोका मात्र जन्मभर सोबत असतो.

त्या आईला मी काय सांगितलं, ते सांगते आणि थांबते. मी म्हटलं, पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमची मुलगी ठरवेल, तिला लग्न करायचं असेल तेव्हा. अंग तिचं आहे. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं तो रिपोर्ट उचलला. पासबुकामागं न ठेवता तो मुलीच्या हातात दिला.

तुमच्या घरात, शेजारात कुणी 'गाठी' म्हणालं, तर घाबरण्याआधी त्या मुलीजवळ बसा आणि तिलाच विचारा: "बाळा, पाळी किती दिवसांनी येते?" वडिलांनी विचारलं तरी चालेल. पुढच्या रांगेतल्या माना आता वर आल्या आहेत, म्हणून हे म्हणायचं धाडस करते.