सूर्य विझेल तेव्हा

मायबापहो, मुकुंदवाडीच्या सप्ताहात हरिपाठ आटोपल्यावर बारावीच्या एका पोरानं मला विचारलं, "महाराज, सूर्य एक दिवस मरणार आहे. मग माणूस उरेल का? आणि उरणारच नसेल, तर अभ्यास कशाला करायचा? तुमचं नाम तरी कशाला घ्यायचं?" मंडपात चार जण हसले. मला काही हसू आलं नाही. मोबाइलवर ते सगळं पाहून त्याची झोप उडाली होती. ज्याचं मन 'कशाला' या शब्दापाशी अडकलं, त्याला हसण्यावारी नेऊ नये. म्हणून त्या रात्रीच्या निरूपणात मी हाच विषय घेतला, तेच तुम्ही इथं वाचता आहात.

आधी शास्त्र काय म्हणतं ते ऐका. आपला सूर्य साधारण 460 कोटी वर्षांचा आहे. त्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो. आपण 'जळतो' म्हणतो, पण ते चुलीतल्या लाकडासारखं नाही. तिथं अणूचा गाभा गाभ्याला मिळतो आणि त्यातून तेज निघतं. तेच तेज आठ मिनिटं वीस सेकंदांनी तुमच्या अंगणातल्या तुळशीवर पडतं. हे सरपण अजून 500 कोटी वर्षं पुरेल. मग तो फुगेल, तांबडा होईल, बुध-शुक्राला गिळेल; पृथ्वी सुटेल की नाही यावर विद्वानांचा वाद आहे. शेवटी पृथ्वीएवढा पांढरा निखारा उरेल आणि तो हळूहळू निवत जाईल.

पण माणसाला धोका विझण्याचा नाही बरं का, तापण्याचा आहे. सूर्य जसा म्हातारा होतो तसा जास्त तळपतो. दर शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी. म्हणजे शंभर-दीडशे कोटी वर्षांत समुद्र आटायला लागतील असा अंदाज आहे. आमच्याकडं म्हातारपणी माणूस थंड होतो, याचं उलटंच.

मग पळून जावं? 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाचं यान सोडलं. ते सेकंदाला 17 किलोमीटर जातं. इथून निघालं तर तीन-चार सेकंदांत पैठणला नाथांच्या दारात. त्या वेगानं सगळ्यात जवळच्या दुसऱ्या ताऱ्याकडं जायचं तर पाऊण लाख वर्षं लागतील. पण माझ्या लेका, माणूस म्हणून आपण या भूमीवर आलो त्याला झाली तीन लाख वर्षं, आणि समुद्र आटायला त्याच्या तीन हजार पटीहून जास्त वेळ हातात आहे. तेवढ्या काळात माणूस वाट काढीलही. आपला आदित्य एल-1 तिकडं 15 लाख किलोमीटरवर उभा राहून रोज सूर्याचं तोंड बघतोच आहे. त्यातली एक दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुकात घडली. बघणारा माणूस उपाय शोधतो. नाही शोधणार असं मी म्हणणार नाही.

आता पुराण. विष्णुपुराणात चार प्रलय सांगितलेत: नित्य, नैमित्तिक, प्राकृत आणि आत्यंतिक. नैमित्तिकात सूर्याचे सात सूर्य होतात, नद्या-समुद्र शोषले जातात. हे ऐकलं की काही जण छाती फुगवतात, "बघा, आमच्याकडं आधीच होतं!" असं करू नका. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा, त्यातली दोनशे कोटींच्या आतबाहेर सरली. शास्त्राचा हिशेब वेगळा. आकडे ओढूनताणून जुळवले तर शास्त्रही बिघडतं आणि पुराणही. ऋषी काही दुर्बिणीचं काम करत नव्हते. ते वेगळं काही सांगत होते.

ते कुणाला सांगितलं, तिकडं बघा. भागवताच्या बाराव्या स्कंधात शुकाचार्यांनी प्रलयाचं वर्णन केलं, ते परीक्षितीला. राजाला सातच दिवस मिळाले होते, आणि आता ते सरत आले होते. तक्षक यायचाय. कोट्यवधी वर्षांनी काय होणार हे, ज्याच्यापाशी उद्याचा दिवस नाही त्याला सांगितलं! आणि राजानं पहिल्या दिवशी तरी काय विचारलं होतं? "मला वाचवा" म्हणाला नाही. मरणाऱ्यानं काय करावं, एवढंच त्याचं विचारणं होतं. 'कशाला' म्हणायचा खरा हक्क कुणाला असेल तर त्याला होता. तो गंगेच्या काठी बसून ऐकत राहिला.

आणि उरण्याचं म्हणाल तर मार्कंडेय उरला होता. सगळं जग बुडालं, हा एकटा प्रलयाच्या पाण्यात. भूक, तहान, अंधार, वरून मगरी. उरला, पण ते काय उरणं? वडाच्या पानावरचं बाळ दिसेपर्यंत त्याला थारा नव्हता. तेव्हा पोरा, तू विचारतोस 'माणूस उरेल का'. मी विचारतो, कुणाबरोबर?

राहिला नित्य प्रलय. तो रोज होतो. एखाद्या घरातला कर्ता जातो, त्या घराचा सूर्य त्याच दिवशी मावळतो. त्या घराला 500 कोटी वर्षं सांगून काय उपयोग? आणि समुद्र आटायची वाट आम्ही मराठवाड्यानं बघितलेलीच नाही. 1972 साली मी पोरसवदा होतो, दुष्काळी कामावरची सुकडी आणि तो लाल मिलो आम्ही खाल्लेला आहे. 2016 च्या एप्रिलात लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. कृष्णाकाठचं पाणी, आणि गाडी आली ती पंढरपूरच्याच वाटेनं. ज्यांनी ते भरलं त्यांना लातूरकरांची नावंगावं ठाऊक नव्हती.

माउलींनी पसायदानात सज्जनांना सूर्य म्हटलं, पण पोळवत नाहीत असे सूर्य. त्या पोराला मी म्हणालो, "बारावीचं पुस्तक काढ. गणित पक्कं कर. पाण्याचं काय करायचं ते शिक, सूर्याचं पुढची पोरं बघतील." तो म्हणाला, "आणि नाम?" म्हटलं, "ते दोन्ही हात कामात असले तरी घेता येतं, म्हणून तर संतांनी ते दिलं."

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.