उंबरगावची अयोध्या
(मंडळाच्या सभासदांसमोर केलेले भाषण)



आपल्या वासण्यातले आम्ही अकरा जण गेल्या हिवाळ्यात उंबरगावला जाऊन आलो. त्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा आहे.

'उंबरगावला काय बघायचे?' असे निघताना पुष्कळांनी विचारले. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका तिथे चित्रित झाली, हे आमचे उत्तर. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988, रविवार सकाळ, दूरदर्शन, एकूण 78 भाग. चाळिशी उलटलेल्यांना अधिक सांगायला नको.

वडोदऱ्याहून गाडीने सुरत, वलसाड, वापी, भिलाड, संजाण आणि मग उंबरगाव रोड. पुढचे घोलवड स्टेशन महाराष्ट्रात. म्हणजे हे गाव अगदी गुजरातच्या उंबरठ्यावर आहे. 1960 पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. रिक्षावाल्याशी आम्ही गुजरातीत बोललो, त्याने मराठीत उत्तर दिले, आणि भाडे ठरेपर्यंत दोन्ही भाषांची खिचडी झाली. घरीच असल्यासारखे वाटले! आपल्याकडे तरी वेगळे काय चालते?

गाव साधे आहे. समुद्र, कोळ्यांच्या होड्या, बाजार, औद्योगिक वसाहत. मालिकेचे बहुतेक चित्रीकरण इथल्या वृंदावन स्टुडिओत झाले. आत जाण्याचा आमचा बेत नव्हता. त्या वेळचा राजवाडा आज तिथे सापडणार नाही, हे ठाऊकच होते. लाकूड, कापड आणि प्लास्टरच्या महालांचे आयुष्य ते केवढे? आजही पौराणिक मालिकांचे सेट उंबरगावात उभे राहतात, काम संपले की उतरतात. चहाच्या टपरीवर भेटलेल्या एका आजोबांनी हसत सांगितले की त्यांच्या गावात अयोध्या आणि लंका शेजारी-शेजारी होत्या, समुद्र ओलांडायची गरजच नव्हती.

मालिकेतली माणसेही आठवा. दशरथ झाले बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर. प्रत्यक्षातही ते पती-पत्नी. मंथरा आपल्या ललिता पवार, भरत संजय जोग. हनुमान पंजाबचे दारासिंग. रावण झालेले अरविंद त्रिवेदी गुजराती रंगभूमीवरचे. आणि सीता झालेल्या दीपिका चिखलिया यांना तर 1991 साली आपल्या वडोदऱ्यानेच लोकसभेवर निवडून दिले. गुजरातेतल्या एका किनाऱ्यावरच्या गावात, हिंदी संवाद बोलत, इतक्या ठिकाणची माणसे एक घर होऊन उभी राहिली.

परतीच्या गाडीत आमच्यात बराच वेळ एकच चर्चा चालली होती. प्लास्टरच्या त्या महालासमोर लोकांनी हात जोडले ते कशामुळे? सेट तर आजचे त्याहून भव्य असतात. आमच्यापैकी बरेच जण तेव्हा दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या वाड्यांत राहत होते. टीव्ही एखाद्याच घरी. रविवारी त्या घराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. ज्या काकूंशी आठवडाभर नळावरून वाद व्हायचा, त्यांच्याच शेजारी मांडी घालून बसावे लागे. भाग संपला की चहा, आणि चहाबरोबर सगळ्यांची ख्यालीखुशाली. कोणाकडे आजारपण आहे, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, हे तिथेच कळायचे. आमचे एकमत असे झाले, की मालिका मोठी होतीच, पण तिला देवघराची जागा दिली ती एकत्र बसण्याने.

28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा दाखवली. आम्ही तीही पाहिली, पण आपापल्या फ्लॅटमध्ये, दार बंद करून. तेव्हा इलाज नव्हता. आज दार उघडायला कोणाची मनाई आहे?

मंडळी, आपला मांडवही कापड-बांबूचाच आहे. मूर्ती मातीची, अनंत चतुर्दशीला पाण्यात जाणारी. आपण सगळे इथे येतो म्हणून तो मांडव. गेली काही वर्षे संध्याकाळच्या आरतीला खुर्च्या रिकाम्या दिसतात. आरतीचा व्हिडिओ घरी मोबाइलवर बघून नमस्कार करणारे वाढले आहेत. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांचे सोडा, पण बाकीच्यांचे काय? आपल्या नातवंडांनी मराठी ऐकायची ती कुठे? दूर गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला एकमेकांचा आवाज ऐकू येण्याची हीच तर जागा.

म्हणून सहलीला गेलेल्या आम्हा अकरा जणांची एक विनंती आहे. उत्सवातल्या रविवारी सकाळी साडेनऊला सर्वांनी मांडवात यावे, सतरंजीवर बसावे. 'रामायण'चा एक भाग पडद्यावर लावू. चहा-नाश्ता आमच्याकडे. येताना शेजारच्या बिऱ्हाडाचे दार वाजवा, मग ते मराठी असो वा गुजराती, आणि त्यांनाही घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया!