अंगणाचा उतार आणि शेजाऱ्याचा उंबरठा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने गटारांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हाच आमच्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे. जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत तो पहिल्या मोठ्या पावसाबरोबर उंबरठ्याशी येऊन उभा राहतो.

हिशेब साधा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. छप्पर व फरशी यांनी तो पूर्ण झाकला, तर 50 मिलिमीटर पावसात त्यावरून सुमारे 5,000 लिटर पाणी वाहते. अशी वीस घरे म्हणजे एक लाख लिटर. आपली काळी जमीन भिजून फुगली की पाणी सावकाश मुरवते. फरशी मुळीच मुरवत नाही. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीने पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला, तो 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांना. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या वस्त्या त्याबाहेरच राहिल्या.

जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान 45 सेंटिमीटर उंच असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. हेतू चांगला आहे. पण भोवतालची जमीन स्थिर कोठे आहे? रस्त्यावर थरावर थर चढतात आणि मागाहून घर बांधणारा मुरमाचा भराव घालून त्याहून वर जातो. त्यालाही दोष कसा द्यावा? तो आपले घर वाचवतो. माझ्या गल्लीतील एक जुने घर असेच रस्त्याच्या खाली गेले. तेथील शिवणकाम करणाऱ्या बाई पावसाळ्यात शिलाई यंत्र पलंगावर चढवून ठेवतात. नियम कोणी मोडला नाही. पाणी मात्र त्यांच्या घरात शिरले.

1882 चा सुविधाधिकार कायदा वरच्या जमिनीवरील पावसाचे पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देण्याचा हक्क मान्य करतो. यातील ‘नैसर्गिकपणे’ हा शब्द महत्त्वाचा. भरावाने केलेला उतार निसर्गाचा नव्हे, पैशाचा असतो. परंतु त्याविरुद्ध दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षे तारखा कोणी कराव्यात? ज्या हक्काची फी गरिबाला परवडत नाही, तो कागदावरच राहतो. म्हणून हा प्रश्न शेजाऱ्या-शेजाऱ्यांत न सोडता नगरपालिका व महानगरपालिकांनी हाती घेतला पाहिजे.

ही कल्पना परकी नाही. पांझरेकाठच्या फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंधारा, पाट आणि पाळी सामुदायिक नियमांनी चालवली. पाणी आणण्यासाठी चारी होती, तशी जादा पाणी काढून देण्यासाठी सांडम होती. शेतात जे जमले ते गल्लीत का जमू नये?

आपल्या मागण्या चार असाव्यात. प्रत्येक गल्लीची पातळी एकदा ठरवून कायम खुणेने दाखवावी. अंगणाचा उतार सार्वजनिक गटाराकडे आहे, हे पाहिल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. जुना थर खरवडल्याशिवाय रस्त्यावर नवा चढवू नये. लहान भूखंडांतही काही जमीन उघडी राखावी.

मृग लागण्यापूर्वी प्रत्येक शाखेने एका गवंड्याला बरोबर घेऊन, पाणसळ लावून, आपल्या प्रभागातील उंबरठे मोजावेत आणि रस्त्याखाली गेलेल्या घरांची यादी करावी. ती यादी घेऊनच आपण आयुक्तांकडे जाऊ.