वारा कुठून होता रे?

आज एक चूक सांगणार आहे. माझीच.

मागच्या हिवाळ्यात विदर्भात गावी गेलो होतो. सकाळी सगळं धुरकट. मी लगेच लॅपटॉप उघडला. सेंटिनेल-५पी हा युरोपचा उपग्रह ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडला. त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश मोजतं. नायट्रोजन डायऑक्साइड ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतो, त्यावरून तो किती आहे ते कळतं. डेटा फुकट आहे. गूगल अर्थ इंजिनवर थोडा कोड लिहिला की नकाशा तयार.

तर, एका दिवसाचा नकाशा काढला. लाल डाग बरोबर आमच्या गावावर! टाकला गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. अर्ध्या तासात कुणीतरी लिहिलं, "म्हणजे ओढ्याकडची वीटभट्टीच." पुढचे दोन दिवस लोकांनी त्या भट्टीवाल्याला धारेवर धरलं.

तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "त्या दिवशी वारा कुठून होता रे?"

मी बघितलंच नव्हतं.

आता नीट ऐका. ट्रोपोमीचा एक पिक्सेल साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा, म्हणजे १९ चौरस किलोमीटर. त्यात आमचं अख्खं गाव, शिवार, ओढा सगळंच मावतं. एकटी भट्टी त्यात वेगळी दिसणारच नाही. हा गॅस दिवसा काही तासच टिकतो, पण तेवढ्यात वारा त्याला कित्येक किलोमीटर नेतो. शिवाय उपग्रह येतो दुपारी दीडच्या सुमारास, आणि मी बोलत होतो सकाळच्या धुराबद्दल!

मग रीतसर केलं. पूर्ण हिवाळ्याचे दिवस घेतले, ढगाळ पिक्सेल गाळले, वाऱ्याच्या दिशेनुसार दिवस वेगळे केले. ही युक्ती माझी नाही. जर्मन शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये रियाध शहरासाठी असंच केलं होतं. वाळवंटात एकटं शहर, त्यामुळे शेपटासारखा पसरलेला गॅस स्पष्ट दिसतो. आमच्याकडे शेपूट सुरू होत होतं ३० किलोमीटरवरच्या कोळशाच्या वीजकेंद्रापाशी.

म्हणजे भट्टी निर्दोष? तसंही नाही. धुराचे बारीक कण नायट्रोजन डायऑक्साइडच्या नकाशात दिसतच नाहीत, आणि ते जमिनीलगत किती आहेत हे तिथे यंत्र लावल्याशिवाय कळत नाही. माझ्या नकाशावरून भट्टीबद्दल काहीच म्हणता येत नव्हतं, आणि मी लोकांना म्हणू दिलं.

ग्रुपवर माफी मागितली. भट्टीवर जाऊन चहाही प्यायलो. ते एवढंच म्हणाले, "फोटो टाकायच्या आधी एकदा इकडे यायचं ना, भाऊ."

तुम्हीही नकाशे काढा, नक्की काढा. फक्त एका दिवसाच्या फोटोवरून कुणाचं नाव घेऊ नका. आणि बाबांचा प्रश्न आधी विचारा.

भेटू पुढच्या भागात!